तपन लागलेल्या माणसाला ते कळत नाही

मार्च संपला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. गुडघेदुखी आणि साखर मागे पडते आणि उन्हाची, आमच्या भाषेत तपन लागल्याची, पत्रं सुरू होतात. ब्रह्मपुरी-नागभीडच्या पट्ट्यात एकतीस वर्षं मी आरोग्यसेविका होते, त्यामुळे निम्मी पत्रं तिकडूनच येतात. यंदा नागपुरातून आणि कोकणातूनही आली आहेत. ‘दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका’ हे उत्तर यातल्या एकालाही उपयोगाचं नाही. विचारणाऱ्या सगळ्यांचं पोट उन्हातल्या कामावर आहे. तेव्हा उन्हात जावं लागणारच, हे धरूनच उत्तरं देते आहे.

नर्सबाई, नमस्कार. आम्ही सिंदेवाही तालुक्यातले. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जातो. पूर्वी पहाटे चारला निघायचो, आता वाघाच्या भीतीने उजाडल्याशिवाय जंगलात शिरत नाही. घरी यायला बारा-साडेबारा होतात. मग पानांचे पुडे बांधायचे आणि चार वाजता फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, न्यायचे. मागच्या साली माझी जाऊ जंगलातच चक्कर येऊन पडली, दोन दिवस अंथरुणात होती. यंदाही ती यायची म्हणते. पाणी किती न्यावं? डोक्यावर पानांचा भारा असतो, पाणी धरायचं कुठे?

ताई, आधी वाघाचं बोलू. उजाडल्यावरच जंगलात शिरायचं, हे तुमचं बरोबर आहे. ऊन चुकवायला म्हणून पुन्हा अंधारात निघू नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पानं तोडायला गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या आहेत, त्यांच्या घरी मी बसून आले आहे. सकाळी लवकर निघता येत नाही, म्हणून दुपारी लवकर परतायचं. हंगामाचे पहिले पाच दिवस तरी साडेदहाला जंगलाबाहेर पाय टाका. त्यानंतर अंगाला सवय झाली की अकरा, फार तर साडेअकरा. दीड तासाची पानं बुडतील, हे मला कळतं. हंगाम मोजक्या आठवड्यांचा आणि त्याच पैशातून बियाणं आणि पोरांच्या वह्या येतात. पण मागच्या साली तुमची जाऊ पडली तेव्हा तिचे आणि तिला सांभाळणाऱ्याचे मिळून किती दिवस बुडाले, तेही मोजून बघा.

आता पाणी. उन्हात वाकून काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून दर वीस मिनिटांनी एक गिलास, म्हणजे तासाला पाऊण लिटर, असा हिशेब धरा. सहा ते साडेदहा म्हटलं तर माणशी साडेतीन लिटर झालं. दोघींत सात-आठ लिटर. दोन कॅन घ्या, पाच-पाच लिटरचे, आणि ओल्या बारदानात गुंडाळून पानं तोडायच्या जागी झाडाला सावलीत टांगा. बारदान ओलं राहिलं तर पाणी माठासारखं गार राहतं. जाताना डोकं रिकामं असतं आणि येताना कॅन रिकामा, त्यामुळे भाऱ्याची आणि पाण्याची गाठ पडत नाही. घरातून निघतानाच दोन गिलास पिऊन निघा. तहान लागायची वाट बघू नका, तहान उशिरा लागते. वाटेतल्या नाल्याचं पाणी पिऊ नका, पण त्यात दुपट्टा बुडवून डोक्याला आणि मानेला जरूर गुंडाळा. वाळला की पुन्हा बुडवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मला माहीत आहे. फळीवर बायकांना लघवीला जागा नसते. रांग चारपासून अंधार पडेपर्यंत चालते, समोर पुडे वाळत घातलेलं उघडं रान आणि सगळीकडे पुरुष. म्हणून बाया जेवल्यावर पाणी पिणंच सोडतात. मी तपासलेल्या कितीतरी बाया मे महिन्यात लघवीच्या जळजळीने यायच्या, त्याचं कारण हेच. हे एकटीने सुटणारं नाही. ग्रामसभेत सांगा, ठेकेदाराला सांगा, फळीमुन्शीला सांगा: पळसाच्या डहाळ्यांचा मांडव, पाण्याचा एक रांजण आणि तट्ट्याचा एक आडोसा. या तिन्हीला मिळून अर्ध्या दिवसाची मजुरी लागते. गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकतात, तिथे तर हा निर्णय गावाच्याच हातात असतो.

जाऊबाईंना यंदा पहिला आठवडा जंगलात नेऊ नका, सावलीत पुडे बांधायला बसवा. सत्तर पानं मोजून वाकाने बांधायचं कामही कामच आहे. ज्याला एकदा ऊन बाधलं, त्याला ते पुन्हा बाधायची भीती जास्त. त्या बीपीची गोळी घेतात का? त्यात लघवी जास्त करणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी लवकर उतरतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हंगामाआधी डॉक्टरांना दाखवून ‘मी उन्हात काम करते’ हे सांगायचं. डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत, म्हणून आपणच सांगायचं.

आणि जोडीने तोडा. एक दिसेनाशी झाली की दुसरीने हाक मारायची, अशा अंतरावर. अर्ध्या तासाने एकमेकींना साधं काहीतरी विचारा: आज वार कोणता, काल किती पुडे झाले. उत्तर अडखळलं, भलतंच आलं किंवा बाई उगाच चिडली, तर त्याच क्षणी काम थांबवून सावलीत बसवा. तपन आधी डोक्याला लागते. ज्याला लागली त्याला वाटतं आपण ठीक आहोत. पुढच्या पत्राच्या उत्तरात याचंच सांगणार आहे.

सिस्टर, मी एका वीटभट्टीवर मुकादम आहे. यंदा एप्रिलमध्ये नवीन जोड्या आणल्या. त्यातला एक तरणाताठा माणूस दुसऱ्याच दिवशी दुपारी कोसळला. सलाईन लावल्यावर बरा झाला, पण घाबरून गावी निघून गेला. जुने मजूर म्हणतात, नव्या पोरांत दमच राहिला नाही. खरं का? आणि असं परत झालं तर दवाखान्यात नेईपर्यंत काय करावं? आमच्यापासून दवाखाना अठरा किलोमीटर आहे.

भाऊ, दमाचा काही संबंध नाही. तुमचे जुने मजूर पहिल्या दिवशी कसे होते, ते त्यांना आठवत नाही इतकंच.

शरीर ऊन शिकतं आणि शिकायला त्याला एक ते दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि त्याच कामाला हृदयाला पूर्वीपेक्षा कमी ठोके पुरतात. नव्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. उन्हाने दगावणाऱ्या मजुरांत पहिल्या काही दिवसांतले मजूर फार असतात, हे जगभर दिसून आलं आहे. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, असं पाच दिवसांत पूर्ण कामावर आणायचं. जुना माणूस लग्नासाठी पंधरा दिवस गावी जाऊन आला, तर त्याचीही सवय मोडलेली असते. त्याला निम्म्यापासून सुरू करू द्या. तेंदूपत्त्याच्या ताईंना पहिल्या पाच दिवसांचं सांगितलं, ते याच कारणाने.

अडचण कुठे आहे, तेही मला ठाऊक आहे. हजार विटांमागे दर असतो आणि डोक्यावर उचल असते. नवा माणूस पहिल्याच दिवशी जुन्याच्या बरोबरीने थापायला बघतो. तुम्ही नुसतं ‘हळू कर’ म्हटलंत तर तो ऐकणार नाही, आणि ऐकलं तर संध्याकाळी त्याच्या घरात कमी येईल. म्हणून मालकाशी बोला. पहिल्या पाच दिवसांची ठरलेली मजुरी द्या, विटा कितीही होवोत. या माणसाच्या जाण्याने तुमची जोडी मोडली आणि दिलेली उचल अडकली, ती या मजुरीपेक्षा मोठी रक्कम आहे. मालकाला हाच हिशेब मांडून दाखवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यासाठी मला एक जुनी दुपार सांगावी लागेल.

१९९८ चा मे. रस्त्याच्या खडीकामावरचा तिशीतला माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमच्याकडे आणला. वर ऊन, खाली तापलेला पत्रा आणि चाळीस मिनिटांचा रस्ता. सोबतच्यांनी सांगितलं की जेवण झाल्यावर तो असंबद्ध बोलत होता, फावडं घेऊन भलत्याच दिशेला चालायला लागला, आणि सगळ्यांना वाटलं की मोहाची घेतली आहे. म्हणून त्याला झाडाखाली झोपू दिलं. तासाभराने हलवून बघितलं तर उठेना. आमच्याकडे आला तेव्हा त्याचा सदरा घामाने चिंब होता. त्या वेळेपर्यंत मीही हेच शिकले होते की उष्माघातात घाम थांबतो, कातडी कोरडी पडते. इथे तर घाम गळत होता. काखेत थर्मामीटर लावलं, आणि पारा १०८ च्या शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. पुढे रेघच नव्हती. आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं, पंखा लावला, सलाईन लावलं. संध्याकाळी तो गेला. त्याला उतरवल्यावर मी ट्रॉलीत बघितलं, तर कोपऱ्यात प्यायच्या पाण्याचा निळा ड्रम होता. अर्धा भरलेला. चाळीस मिनिटं तो माणूस त्या पाण्याच्या शेजारी भाजत पडला होता आणि कोणाच्याही हाताला सुचलं नाही, कारण त्यांना तसं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही आरोग्य खात्याच्या लोकांनीही नाही.

म्हणून भाऊ, तुम्ही माणूस हलवायच्या आधी त्याला गार करा. तुमच्याकडे मातीसाठी पाण्याचा हौद असणारच. कपडे सैल करून त्याला मानेपर्यंत हौदात उतरवा, दोघांनी काखेत धरून, तोंड पाण्याच्या वर ठेवून. हौद लांब असेल तर सावलीत आडवा करून डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा आणि दोघांनी चादर धरून जोरजोराने वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात घालून मान, काखा आणि जांघा. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन दुसऱ्या माणसाने तेव्हाच करायचा, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही आणि गाडीतही ओल्या चादरीवरच न्यायचं. अर्ध्या तासात अंगातली आग उतरली तर माणूस वाचण्याची आशा फार मोठी असते. तास गेला की मेंदू, मूत्रपिंड, यकृत एकेक करून बिघडत जातात.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका. हा आजारातला ताप नसतो, त्या गोळीने उतरत नाही आणि तापलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. घाम येतो आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कष्ट करताना लागलेल्या उन्हात घाम बहुतेक वेळा चालूच असतो. खूण एकच धरा: बोलणं बिघडलं, चाल बिघडली, माणूस ओळखेनासा झाला. दारूचा वास आला तरीसुद्धा आधी पाणी ओता.

नुसते पोटऱ्यांत वांब (गोळे) आले, डोकं दुखलं, मळमळलं, पण माणूस नीट बोलतो आहे, तर ती पहिली पायरी आहे. सावली, क्षार-साखरेचं पाणी, आणि त्या दिवशी पुन्हा काम नाही.

जाता जाता एक विनंती. भट्ट्यांवर अंगदुखीची गोळी चण्या-फुटाण्यासारखी खाल्ली जाते. अंगात पाणी कमी असताना रोज ती गोळी घेतली तर मूत्रपिंडं जातात. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वात, ऊसतोड करणाऱ्या हजारो तरुण पुरुषांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यांना मधुमेहही नव्हता आणि बीपीही नव्हतं. उन्हातले कष्ट आणि सुकलेलं शरीर हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. गोळ्यांचं पाकीट मुकादमाच्या खिशातून निघतं, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

मावशी, मी नागपुरात घरोघरी जेवण पोचवायचं काम करतो. वय २२. दुपारी बारा ते तीन सगळ्यात जास्त ऑर्डर असतात. दिवसाला दोन-तीन एनर्जी ड्रिंक होतात, मध्ये कोल्ड्रिंक. आई म्हणते उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नको. हेल्मेटमध्ये डोकं उकडतं. काय करू?

बाळा, हेल्मेट काढू नकोस. सुती दुपट्टा पाण्यात बुडवून पिळ, डोक्याला आणि मानेला गुंडाळ आणि वरून हेल्मेट घाल. दुसरी एक बाटली फक्त दुपट्टा भिजवायला ठेव. गाडी चालवताना वारा लागतो म्हणून बरं वाटतं, पण पारा ४५ वर असताना तो वारा तुझ्या कातडीपेक्षा दहा अंशांनी गरम असतो. कोरड्या अंगावर तो भट्टीचा फुंकरा आहे, ओल्या कपड्यावर तोच वारा गारवा देतो. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट घाल.

एनर्जी ड्रिंक बंद कर. त्यात कॅफीन आणि साखर असते, तरतरी येते आणि थकवा झाकला जातो. तुला थकवा कळायला हवा आहे. सोबत ओआरएसची पाकिटं ठेव. एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ही साधी गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून ड्रमांतून वाटायला लावलं आणि मृत्यू एकदम खाली आले. ते काम ढाळ-वांतीचं होतं, पण घामाने गेलेलं पाणी आणि मीठही त्याच वाटेने परत येतं. दुकानात मात्र नीट बघून घे. ओआरएस असं लिहिलेले गोड पेयांचे डबे वर्षानुवर्षं विकले गेले; ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव तसं वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानातून पावडरीचं पाकीटच माग.

आईला सांग, गार पाण्याने काही होत नाही. घोट घोट प्यायचं, एका दमात लिटर नाही. गार पाणी चवीला बरं लागतं म्हणून माणूस जास्त पितो, तेवढाच फायदा.

दोन ऑर्डरींच्या मध्ये गाडीवर बसून राहू नकोस. जिथून डबा उचलतोस तिथे कूलरसमोर पाच मिनिटं उभा राहा, हॉटेलवाल्याला तसं सांग. आणि तुमच्या पोरांचा मोबाइलवर ग्रुप असेलच. दुपारी तीनला प्रत्येकाने ‘ठीक’ लिहायचं. ज्याचं आलं नाही त्याला फोन करायचा.

सिस्टर, आम्ही देवगडचे बागायतदार. तुमच्या विदर्भात ४६ अंश असतात, आमच्याकडे ३५-३६. तरीही आंबे काढताना माणसं गळून जातात. मे महिन्यात दुपारी बागेत उभं राहवत नाही. आम्ही नाजूक आहोत का?

मुळीच नाही. मी एका लग्नाला मे महिन्यात रत्नागिरीला आले होते. ३५ अंशांत माझं जे झालं, ते नागभीडच्या ४५ मध्ये होत नाही. घाम येऊन काही होत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आधीच उडतो. तुमच्याकडे हवेत आधीच पाणी भरलेलं, घाम नुसता ओघळतो आणि अंग तापलेलंच राहतं. हवामान खातंही हे जाणतं. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान ४० ला पोचावा लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरे. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानात भर दुपारच्या सोहळ्यानंतर माणसं दगावली, तेव्हा तिथला पारा ४० च्या खालीच होता. ती माणसं कष्टही करत नव्हती, बसली होती.

म्हणून दुपट्टा ओला करण्याचा उपाय तुमच्याकडे कमी चालतो. तुम्हाला वारा हवा आणि विश्रांती जास्त वेळा हवी. काढणी सकाळी साडेदहापर्यंत आणि पुन्हा साडेचारनंतर. मधल्या वेळात शेडमध्ये प्रतवारी आणि पेटी भरणं, मोठा पंखा लावून. उंच झाडावर चढलेल्या माणसाला भोवळ आली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. साडेदहानंतर झाडावर कोणी नको, जमिनीवरून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) जेवढं निघेल तेवढंच.

तुमच्याकडे बागा राखायला नेपाळी गडी असतात. थंड डोंगरातून आलेला माणूस कोकणच्या उकाड्यात उतरतो, त्याला सवय व्हायला वर सांगितलेले एक-दोन आठवडे लागतातच. तो परक्या मुलखात आहे, भाषा नीट येत नाही, बरं वाटत नाही असं सांगायला लाजतो. त्याच्याकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं का?

माझी आईही ठेवायची. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. तो भाकरीसोबत खा आणि बरोबर आंबील घ्या. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून आंबवायचं, सकाळी पाणी आणि मीठ घालून पातळ शिजवायचं, गार झाल्यावर ठेचलेला लसूण आणि जिरं. तिच्यात पाणी, मीठ आणि पोटाला आधार असं सगळं आहे. कामावर नेलेला आंबिलीचा डबा दुपारच्या आत संपवा, भर उन्हात ती फार आंबते.

ताई, आम्ही मेंढपाळ. उन्हाळ्यात वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन गावोगाव फिरतो. माझं बाळ चार महिन्यांचं आहे. दिवसभर बाभळीला झोळी बांधून त्यात ठेवते, वरून जाड लुगडं टाकते म्हणजे ऊन लागत नाही. राहायला काळ्या ताडपत्रीचं पाल. बाळ दुपारी फार रडतं. थोडं पाणी पाजू का? सासूबाई म्हणतात साखरपाणी दे. हे पत्र माझ्या भाच्याकडून लिहून घेतलं आहे.

माय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पाणी देऊ नकोस, साखरपाणीही नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तुझ्या दुधातच पाणी मिळतं, उन्हाळ्यातसुद्धा. फक्त जास्त वेळा पाज. दुपारी रडतं तेव्हा भूक नसेल, तहान असेल. दोन मिनिटं पाजलंस तरी पुरतं. त्यासाठी तू प्यायला हवं. प्रत्येक वेळी बाळाला छातीशी घेताना आधी तू गिलासभर पाणी किंवा ताक पी.

झोळीवरचं जाड लुगडं काढ. आत वारा जात नाही, बाळाचा श्वास आणि अंगाची उष्णता आतच कोंडते, आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापतं. तुझा हात झोळीत घालून दुपारी दोनला बघ, तुला कळेल. बाभळीची सावली विरळ असते आणि सरकते. आंबा, चिंच, वड, कडुनिंब मिळेल तिथे झोळी बांध आणि तासाभराने जागा बदल. माश्यांसाठी पातळ मलमलीचं फडकं पुरे, तेही दोन्ही टोकांनी उघडं. बाळाच्या अंगात एक सुती झबलं, टोपडं नको. डोक्यातून लहान बाळाची उष्णता फार निघून जाते, ती अडवायची नाही.

पालाचं असं कर. काळ्या ताडपत्रीच्या वर हातभर अंतर सोडून जुनं पांढरं धोतर किंवा फिकट रंगाचं लुगडं ताण. मधून वारा खेळला पाहिजे. बाजूचे पडदे दिवसा वर गुंडाळून ठेव. दुपारी पालात बाळाला झोपवूच नकोस. रात्री उघड्यावर निजत असाल तर बाळ खाटेवर आणि वर मच्छरदाणी. जमिनीवर नको, उन्हाळ्यात विंचू-साप गारव्याला येतात.

दिवसभरात किती दुपटी ओली होतात ते मोज. सहा झाली तर पाणी पुरतं आहे. लघवी पिवळी झाली, दुपटी कोरडी राहायला लागली, टाळू आत गेलेली दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना. बाळ रडायचं थांबून मलूल पडलं, छाती तोंडात घेईना, अंग चटका बसावा तसं तापलं, तर कपडे काढून साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सगळं अंग पुसत राहा, वारा घाल आणि पुसत पुसतच त्याला घेऊन निघ. मेंढरं कोण बघेल याचा विचार तेव्हा करू नकोस.

वाडा नव्या गावात उतरला की पहिल्याच संध्याकाळी तिथल्या आशाताईचं घर विचार. बाळ दाखव, लसीचं कार्ड दाखव आणि तिचा नंबर भाच्याकडून तुझ्या मोबाइलमध्ये घालून घे. गावात आलेल्या पाहुण्या बायांची नोंद करणं हे तिचं काम आहे, तू मागायला आली असं ती समजणार नाही. साडेतीन महिने झाल्यावरची तिसरी लस दिली गेली का, तेही त्या कार्डावर एकदा भाच्याकडून वाचून घे.